अकरा महिने पुसले गेले नाहीत

पत्र थोडं कमी करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून.

"ताई, नाव नको छापूस. मी २३ वर्षांची आहे, नोकरी करते. पंधराव्या वर्षापासून खूप त्रास झाला की मी स्वतःला इजा करून घेते. मधे अकरा महिने पूर्ण बंद होतं, वाटलं सुटलं एकदाचं. गेल्या आठवड्यात परत झालं. बाथरूममध्ये नळ सोडून ठेवते म्हणजे रडण्याचा आवाज बाहेर जात नाही. या वेळी धाकट्या बहिणीने हात बघितला, ती १४ वर्षांची आहे. आईला सांगायचं नाही अशी मी तिला माझी शपथ घातली. मला मरायचं नाहीये ताई, खरंच नाही, मग मी असं का करते? वेडी आहे का मी? केल्यावर पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग स्वतःची इतकी किळस येते की वाटतं आपण याच लायकीचे. हे सोडायचं कसं, आणि घरी सांगायचं कसं?"

अगं, मी आधी त्या नळापाशीच अडकले. आठ वर्षं तू हे सगळं एकटीने सोसलंयस आणि त्यातसुद्धा घरात कुणाला त्रास होऊ नये याची काळजी घेत सोसलंयस. तर आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं बोलू. वेडी नाहीस तू. नाटकं पण करत नाहीयेस. आणि एकटी तर अजिबातच नाहीस. २०१४ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला गेला, त्यात किशोरवयातल्या मुलामुलींपैकी साधारण १७ टक्के आणि तरुणांपैकी १३ टक्क्यांच्या आसपास असे निघाले की ज्यांनी मरायचा विचार नसताना कधी ना कधी स्वतःला इजा केली होती. म्हणजे शंभर पोरं एका हॉलमध्ये बसली असतील तर त्यातली सतरा. मुलगेसुद्धा आहेत बरं का यात, त्यांचं फक्त "राग आला होता" म्हणून सोडून देतात लोक आणि ते बिचारे अजूनच गप्प होतात.

आता का करते हे. उत्तर तुझ्याच पत्रात आहे, "पाच मिनिटं बरं वाटतं". लोकांना वाटतं हे लक्ष वेधून घ्यायला असतं, पण जी पोरगी नळ सोडून रडते ती कुणाचं लक्ष वेधतेय सांग मला. अभ्यासातही सगळ्यात जास्त वेळा जे कारण पुढे येतं ते हेच, की आत जे उसळलंय ते सहन होत नाही आणि ते कसंही करून खाली आणायचंय. दुसऱ्या नंबरला येतं स्वतःला शिक्षा करणं, त्याच्यावर मी पुढे बोलणारच आहे कारण तुझ्या पत्रात ते ठळक दिसतंय. आणि काहींचं अगदी उलट असतं, त्यांना काहीच जाणवेनासं होतं, सगळं सुन्न, आणि आपण जिवंत आहोत हे तरी कळावं म्हणून ते करतात.

शरीराचं असं आहे की कुठलंही दुखणं थांबलं की आपण नुसते पहिल्यासारखे होत नाही, काही क्षण सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेत मनाचा ताणही थोडा उतरतो. हे कुणाच्याही शरीरात होतं, ज्यांनी आयुष्यात असं काही केलं नाही त्यांच्याही. तुझ्या मेंदूने पंधराव्या वर्षी, दुसरं काहीच हाताशी नसताना, हा रस्ता शिकून घेतला आणि पाठ केला. म्हणून "मनावर ताबा ठेव" वगैरे सांगून काही होत नाही. ताबा कमी आहे असं नाहीये, रस्ता एकच माहितीये असं आहे. पण तो रस्ता फसवा आहे हेही तूच लिहिलंयस, पाच मिनिटांच्या बदल्यात किती दिवसांची किळस, वर ज्या गोष्टीने त्रास झाला ती तिथल्या तिथेच. आणि सवय झाली की तीच पाच मिनिटं मिळवायला माणूस जास्त लांब जातो, मनात नसताना गंभीर इजा होते. म्हणून हे सोडायचंच आहे. फक्त स्वतःला शिव्या देत नाही सोडायचं.

इथे मला माझी एक चूक सांगायचीये. हॉस्टेलला असताना माझ्या रूममेटचं मला असंच अचानक कळलं. मी घाबरले, आणि घाबरले म्हणून चिडले. तिच्यावर ओरडले, रडले, आणि माझी शपथ घातली तिला की परत करणार नाहीस. तिने घेतली शपथ. मला वाटलं झालं काम. काही महिन्यांनी कळलं की बंद काही झालं नव्हतं, फक्त आता ती माझ्यापासूनही लपवत होती, आणि वर शपथ मोडल्याचं ओझं, म्हणजे आधी एक गुन्हा होता त्याचे मी दोन केले. तेव्हा तिने मला एक वाक्य सांगितलं होतं जे मी विसरले नाही, "तू मला थांब म्हणालीस, पण थांबून काय करू ते कुणीच सांगत नाही."

तर थांबून काय करायचं ते बोलूया.

पहिलं म्हणजे ती इच्छा लाटेसारखी असते. वर चढते, एका ठिकाणी टोकाला जाते आणि मग आपोआप उतरायला लागते, बहुतेकांची अर्ध्या तासाच्या आतच उतरायला लागते. चढताना मात्र वाटतं की ही आता चढतच जाणार, काही केलं नाही तर फुटून जाऊ. नाही फुटत आपण. तुला कायमचं सोडायचंय हा विचारच त्या क्षणी डोक्यात नको, तुला फक्त ही एक लाट पार करायचीये. "पंधरा मिनिटं नाही करणार" एवढंच. मग परत पंधरा. आणि ज्याने करतेस ते हाताशी असू नये, हे आज दिवसाउजेडी, डोकं शांत असताना करून टाक. फेकून दे किंवा कुणाकडे तरी दे. आपण आणि ती वस्तू यांच्यात जितकं अंतर तितका लाटेला उतरायला वेळ मिळतो. आणि तुझ्यासाठी खास, ते बाथरूम. तिथे दार बंद होतं, नळ सुरू होतो आणि पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. रडू आलं तर बाहेरच्या खोलीत रड, अंथरुणात रड, गॅलरी असेल तर तिथे जा, पण दाराला कडी लावून नको.

लाट टोकाला असताना विचारबिचार काही चालत नाहीत, तेव्हा शरीराकडूनच सुरुवात करावी लागते. एक प्रकार असा की तोंडावर थंडगार पाणी घ्यायचं, म्हणजे खरंच भांड्यात गार पाणी घेऊन, श्वास रोखून, डोळे-गाल पाण्यात जातील असं काही सेकंद तोंड बुडवायचं. पाण्यात डुबकी मारल्यावर शरीर आपोआप हृदयाचे ठोके मंद करतं, ती यंत्रणा आपण मुद्दाम चालू करतो. (हृदयाचा त्रास असेल किंवा खाणंपिणं फार कमी झालं असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) दुसरं, जोरात हालचाल, जिने चढ-उतर, जागच्या जागी धाव, चांगला दम लागेपर्यंत, कारण तुझं शरीर त्या वेळी पळायच्या नाहीतर भांडायच्या तयारीत असतं आणि आपण त्याला बाथरूममध्ये कोंडतो. आणि दम खाली आला की श्वास, घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. सोडणं लांब हवं, तेवढं लक्षात ठेव. रागाच्या वेळी पळणं जास्त उपयोगी पडतं, सुन्न झाल्यावर गार फरशीवर अनवाणी उभं राहणं, तीव्र वास, मोठ्याने गाणी. कुठलं कधी लागू पडतं ते करून बघूनच कळेल, आणि पहिल्यांदा ते सगळं बावळटपणाचंच वाटेल, तरी कर. थोडंसंच दुखेल असं काहीतरी बदली म्हणून करा असं सुचवणारे भेटतात, मला ते पटत नाही, कारण त्रास झाला की दुखवायचं ही गाठ तशीच राहते आणि आपल्याला तर गाठच सोडवायचीये.

अजून एक. काय वाटतंय त्याचं नाव घे. "कसंतरी होतंय" नाही, नेमकं नाव. २००७ साली मॅथ्यू लीबरमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं की भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग शांत होतो. म्हणून लिही, फोनमध्ये लिही, "मला आत्ता अपमान झाल्यासारखं वाटतंय", "मला भीती वाटतेय की नोकरी जाईल". एवढ्याने सगळं जाणार नाही, पण लाटेची उंची कमी होते.

आता शांत असताना करायचं काम. गेल्या आठवड्याचा तो दिवस उलटा उलगडून बघ, गुन्ह्याचा तपास म्हणून नाही हं, नुसतं बघ. तू पत्रात लिहिलंयस (मी ते वर कापलं) की आदल्या रात्री झोप झाली नव्हती, दुपारी जेवली नव्हतीस, आणि रात्री पावणेदहाला सरांचा मेसेज आला, "उद्या बोलू." फक्त दोन शब्द. मग तू ते दोन शब्द चाळीस मिनिटं बघत बसलीस, त्यातून "काढून टाकणार", त्यातून "मी कुठेच टिकत नाही", त्यातून "घरच्यांवर ओझं", आणि मग नळ. बघ किती कड्या आहेत त्या साखळीत, आणि तुला वाटतं एकदम झालं! प्रत्येक कडीला हात घालता येतो. जेवली असतीस तर कदाचित मेसेज एवढा लागला नसता. मेसेजनंतर पाचव्या मिनिटाला कुणाला तरी फॉरवर्ड करून "याचा अर्थ काय असेल गं?" विचारलं असतंस तर चाळीस मिनिटं झालीच नसती. शेवटच्या कडीशी झुंजणं सगळ्यात अवघड असतं, आपण नेमके तिथेच झुंजत बसतो आणि हरलो की म्हणतो मी कमजोर आहे.

आणि ते "याच लायकीचे". हे वाक्य कुणाच्या आवाजात ऐकू येतं तुला? मी असं म्हणत नाही की कुणीतरी तुला तसं म्हणालंच असेल, पण एवढं नक्की की जन्मतः कुणी स्वतःला असं म्हणत नाही, कुठेतरी शिकलेलं असतं. स्वतःला शिक्षा करायची इच्छा होते तेव्हा थंड पाणी, पळणं हे सगळं अर्धंच काम करतं, कारण तिथे ताण कमी करायचा नसतोच, तिथे आपण स्वतःचेच जज झालेलो असतो. त्या वेळी एक प्रश्न विचार, हेच धाकटीच्या बाबतीत झालं असतं, तिला तिच्या बाईंनी "उद्या बोलू" म्हटलं असतं आणि ती अशी कोपऱ्यात बसली असती तर तिला काय म्हणाली असतीस? ते वाक्य स्वतःला म्हण. मनापासून नाही निघणार, खोटं वाटेल. तरी म्हण. आठ वर्षं दुसरं वाक्य म्हणत आलीयस, याला थोडा वेळ दे.

आता तुझे अकरा महिने. गेल्या आठवड्याने ते पुसले गेले नाहीत गं. त्या अकरा महिन्यांत कितीतरी लाटा आल्या असतील आणि तू त्या पार केल्यास, म्हणजे तुला येतं हे. खाली बसून लिही की तेव्हा काय वेगळं होतं, झोप, माणसं, कामाची वेळ, काहीही. सुटताना मधेच परत होणं हे इतक्या जणांचं होतं की तो सुटण्याचाच एक भाग धर. दिवस मोजत असशील तर मोज, पण एकदा झालं की आकडा शून्यावर आणू नकोस, एक दिवस वजा कर फक्त.

पण हे सगळं एकटीने करावं असं मला वाटत नाही. आठ वर्षं झालीयेत, आता समोर शिकलेलं माणूस हवं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्ट. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी म्हणजे डीबीटी ही याच त्रासासाठी सगळ्यात जास्त तपासल्या गेलेल्या उपचारांपैकी आहे, वर सांगितलेलं पाण्याचं, श्वासाचं, साखळी उलगडायचं हे तिथलंच आहे. ती ज्यांनी तयार केली त्या मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, १९६१ साली १७ वर्षांच्या असताना मनोरुग्णालयात होत्या, कारण त्या स्वतःला इजा करून घेत होत्या. दोन वर्षांहून जास्त काळ तिथे काढला. पुढे शिकल्या, जे आपल्याला कुणी दिलं नाही ते इतरांना देता यावं म्हणून वर्षानुवर्षं काम केलं, १९९१ साली या थेरपीची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, आणि मग २०११ मध्ये त्याच रुग्णालयात उभं राहून त्यांनी स्वतःची गोष्ट पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितली. मला हे वाचलं तेव्हा खूप रडू आलं होतं. त्यांच्या पद्धतीचा गाभा असा की तू जशी आहेस तशी समजण्यासारखी आहेस आणि तुला बदलायचंही आहे, दोन्ही एकाच वेळी खरं.

डीबीटी शिकलेले लोक सगळीकडे मिळत नाहीत, नाही मिळाले तर भावना सांभाळायला शिकवणारे कुणीही चांगले थेरपिस्ट चालतील. पहिल्याच भेटीत विचार, "स्वतःला इजा करणाऱ्यांबरोबर तुम्ही काम केलंय का?" हा उद्धटपणा नाही. नुसतं हेच थांबवायची अशी वेगळी गोळी नसते, पण सोबत डिप्रेशन किंवा एंग्झायटी असेल तर त्याचं औषध उपयोगी पडतं, ते डॉक्टर ठरवतील. आणि कुणी डॉक्टर किंवा नर्स जखम बघून टोमणा मारेल तर ती तुझी चूक नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली याच विषयावर दिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की अशा माणसाला शिक्षा केल्यासारखं वागवायचं नाही. दुसऱ्याकडे जा, पण जाणं सोडू नकोस. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल तर लाज वगैरे बाजूला ठेवून त्याच क्षणी दवाखाना.

मरायचं नाहीये असं तू लिहिलंस, माझा त्यावर विश्वास आहे. पण हे दोन्ही एकच नसलं तरी ज्यांना हा त्रास असतो त्यांच्यात पुढे मरणाचे विचार येण्याचा धोका जास्त असतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. कधी असं वाटायला लागलं की जगायचंच नाही, तर एकटी राहू नकोस, जवळच्या माणसाला उठव, रात्रीचे तीन असले तरी. भारतात असशील तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. बाहेर असशील तर तिथली हेल्पलाइन किंवा इमर्जन्सी नंबर आजच फोनमध्ये सेव्ह कर. जीव धोक्यात असेल तर थेट हॉस्पिटल.

आणि आता धाकटी. माझ्या रूममेटचं मी का सांगितलं ते कळलं असेल तुला. ती शपथ तिच्यावरून उतरव. १४ वर्षांच्या पोरीने काय करायचं त्या गुपिताचं? ती आता रोज तू बाथरूममध्ये गेलीस की नळाचा आवाज ऐकत बसत असेल, शाळेत बसून विचार करत असेल, आणि तुझा जीव आता आपल्या गप्प राहण्यावर आहे असं तिला वाटत असेल. तिच्याशी आजच बोल. काही फार नको, जखमा दाखवू नकोस, कसं-काय सांगू नकोस. एवढंच म्हण, "तू जे बघितलंस ते खरं आहे. मला खूप त्रास होतो तेव्हा मी असं करते आणि ते चुकीच्या मार्गाने आहे. तुझ्यामुळे नाही झालेलं. मी मदत घेणार आहे. ती शपथ मी काढून घेतेय, तुला आईला किंवा कुणाला सांगावंसं वाटलं तर सांग." मग तिला जवळ घे, तुलाही बरं वाटेल.

आईला तूच आधी सांगितलंस तर जास्त बरं. समोर बसून जमणार नाही असं वाटलं तर मेसेज कर, चिठ्ठी लिही, किंवा दोघी कुठेतरी चालत असताना बोल, एकमेकींकडे बघावं लागत नाही म्हणून सोपं जातं. असं काहीतरी: "आई, मला एक सांगायचंय आणि आधी पूर्ण ऐकून घे. मनाला फार त्रास झाला की मी स्वतःला इजा करून घेते, खूप वर्षं झाली. मला मरायचं नाहीये. तुझं काही चुकलं म्हणून नाही. मला डॉक्टरकडे जायचंय आणि तू सोबत यावंस असं वाटतं." ती बहुतेक रडेल, कदाचित ओरडेलही, "आम्ही काय कमी केलं" म्हणेल. मी ओरडले होते ना रूममेटवर, प्रेम नव्हतं म्हणून नाही, घाबरले होते म्हणून. तिला दोन दिवस दे. आणि आईने फारच वाईट घेतलं तर मावशी, मैत्रीण, कुणी एक मोठं माणूस शोध, एकावर थांबू नकोस. तुझ्या आईने हे वाचलं तर तिच्यासाठीही लिहून ठेवते: बाई, हात तपासत बसू नका, वचन मागू नका, "जेवलीस का, आज कसं गेलं" एवढं रोज विचारा आणि ती बोलायला लागली की मधे बोलू नका.

धाकटी शाळेतून आली की आधी तिच्याशी बोल, आईचं उद्या-परवा झालं तरी चालेल. आणि बोलणं झालं की मला दोन ओळी पाठव, मी वाट बघतेय.

— ताई